घुम्याभाऊचं नापास खोड

रिकाम्या लाकडात तोंड घालून "हाय का कोनी घरी?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खराद मशीनवरून नुकतंच उतरलेलं, अजून कोमट असलेलं ढोलाचं खोड घुम्याभाऊ मांडीवर आडवं घ्यायचे, एका बाजूनं आत हाक मारायचे आणि लगेच कान लावायचे. आतून त्यांचाच आवाज घुमत परत यायचा. तो मनासारखा आला की म्हणायचे, "हाय. घरीच हाय." नाही आला तर, "बाहेर गेली वाटते मंडळी," आणि खोड पुन्हा मशीनवर चढायचं.

ज्याला बोलता येत नाही किंवा बोलायचं नसतं त्याला आपण घुम्या म्हणतो. हा माणूस तर झोपेतही गप्प बसत नसेल. कारखान्यातले जुने लोक सांगायचे की पहिल्या दिवशी हा गडी आला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता खोडांना कान लावत फिरला. त्या दिवशी नाव पडलं घुम्या. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते उघडलंच, पण तोवर नाव पक्कं झालं होतं. त्यांना स्वतःला ते फार आवडायचं. म्हणायचे, "नाव उलटं असलं का मानूस ध्यानात राह्यते. आता पाहा, आमच्या शेठले लोक दानशूर म्हन्तेत."

कारखाना मूल गावाच्या पुढे, सडकेला लागून होता. टिनाची दोन शेडं, एक आरा मशीन, तीन-चार खराद आणि मागे लाकडाची थप्पी. शिवण आणि बिजा ही दोन लाकडं जास्त. ट्रकमधून ओंडके उतरले की आधी त्यांच्या दोन्ही तोंडांना शेणमातीचा जाड लेप द्यायचा, नाहीतर तोंडाकडून लाकूड भराभर सुकतं आणि तडा थेट मधोमध जातो. मग मापाचे तुकडे, मग गिरमिटानं आरपार भोक, मग लांब दांड्याच्या पटाशीनं गाभा काढणं. गाभा राहिला की खोड आज ना उद्या फुटणार. असं अर्धवट कोरलेलं खोड महिनोन् महिने सावलीत उभं करून ठेवायचं, आणि पुरतं सुकलं की मशीनवर चढवून आतून-बाहेरून शेवटचा हात फिरवायचा. सुकायला ठेवलेली खोडं शेडात अशी रांगेनं उभी असायची की नव्या माणसाला वाटावं रेशनच्या दुकानाची लाईन लागली आहे. पान मात्र आमच्याकडे चढत नव्हतं. चामड्याचं सगळं काम मोठ्या शहरांतले कारागीर करायचे. आमच्याकडून ढोल मुकेच जायचे.

झाडाचं ते खोड आणि माणसाला असते ती खोड. घुम्याभाऊ यात फरक करत नसत. "हर खोडाले एक खोड राह्यते, बीएबाई. हे पाहा, हे हट्टी हाय. ह्याले पटाशी लावली का दात खाते. अन् हे शिवणीचं लाडाचं हाय, हात फिरवला का गुमान."

बीएबाई म्हणजे मी. आमच्या घराण्यातच नाही, आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात पहिली बी.ए. मी झाले. हे मी आजही कुणी न विचारता सांगते आणि सांगणार. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकले, बाबांनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवून शिकवलं. पदवी हातात आली तेव्हा आसपास नोकरी एकच होती. ढोलाच्या कारखान्यात तयार मालाची तपासणी. तोंड गोल आहे का, भिंत सगळीकडे सारखी आहे का, आत गाठ किंवा तडा आहे का, हे पाहायचं आणि पास-नापास करायचं. मला ती नोकरी आवडली. नापास म्हणायचा अधिकार आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणाला मिळाला होता?

घुम्याभाऊंना बढाया मारायची भारी हौस. लाकडाच्या वासावरून ते कुठल्या जंगलातलं आहे हे ओळखतो असा त्यांचा दावा होता. ढलपी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "धानोरा. पक्कं धानोरा." एकदा ट्रकवाला समोरच उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, हा माल जिवतीकडचा हाय. मीच भरून आनला." घुम्याभाऊंनी ढलपी पुन्हा हुंगली आणि शांतपणे म्हणाले, "मंग धानोऱ्याची पोरगी जिवतीले देल्ली असन. माहेरचा वास एवढ्या लवकर जाते का?" बिजाच्या तुकड्याचा त्यांनी स्वतःसाठी एक पेला केला होता. त्यात थोडा वेळ ठेवलेलं पाणी चहासारखं लालसर दिसायचं. कारखान्यात नवा माणूस आला की ते अगत्यानं "चाय घ्या" म्हणून तो पुढे करायचे आणि पहिल्या घोटानंतरचं तोंड पाहायला सगळ्यांना बोलवायचे. मीही प्यायले आहे. वर "साखर कमी आहे" असंही म्हणाले, म्हणून त्यांच्या मर्जीत बसले.

मर्जीत असले तरी तपासणी ती तपासणी. एकदा त्यांनी स्वतः काढलेलं शिवणीचं मोठं खोड माझ्यापुढे आलं. मी आत हात घालून फिरवला. एका तोंडापाशी बोटांना काहीतरी लागलं. माप लावलं. आत गाठ होती आणि त्या अंगाला तोंड गोल नसून अंड्यासारखं झालं होतं.

"घुम्याभाऊ, हे वाकडं आहे."

"वाकडं नाई बाई. लाडात वाढलं."

"पान नीट बसणार नाही यावर. नापास."

"म्या आवाज देऊन पाह्यला. घरी हाय."

"घरी असेल. घर वाकडं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोडाकडे पाहिलं. "तुमी कालेजात कधी नापास झाल्या का?"

"नाही."

"म्हनूनच तुमचा हात एवढा चालते."

नापास माल चहाच्या चुलीत जायचा. हे खोड त्यांनी जाऊ दिलं नाही. "नापास झालेलं पोट्टं कोनी चुलीत घालते का? घरी ठेवा लागते त्याले," असं म्हणून त्यांनी ते आपल्या मशीनखाली ढकलून दिलं.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "बाबा काय म्हन्तेत नोकरीबद्दल?"

"काही म्हणत नाहीत."

"म्हंजे राजी हायेत."

"नाही भाऊ. काहीच म्हणत नाहीत. माझ्याशी बोलतच नाहीत."

खरं तेच होतं. नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, "कायचा कारखाना?" मी म्हटलं, "ढोलाचा." त्यांनी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि त्यानंतर माझ्याशी शब्द नाही. मी शेजारी बसलेली असायची आणि ते आईला म्हणायचे, "तिले सांग, जेवून घे." आई माझ्याकडे वळून तेच परत म्हणायची.

कारण मला ठाऊक होतं. आमच्या घराकडे गावकीचं वाजवणं होतं. पाटलाच्या घरी लगीन असो की गावात पोळा, आमच्या आजोबांनी आणि मग बाबांनी ढोल गळ्यात घालून दुसऱ्याच्या दाराबाहेर उभं राहायचं. उन्हात, पावसात, आत बोलावणं नाही. बाबांचा हात इतका चांगला होता म्हणतात की शेजारच्या गावांतून त्यांच्यासाठी निरोप यायचे, निरोप कसले, हुकूमच. छप्पन साली दीक्षा घेऊन परतले आणि दुसऱ्या सकाळी ढोल उचलून पाटलाच्या दारी नेऊन ठेवला. "तुमचा ढोल, तुमच्या दारी," एवढंच बोलले आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी ताटावर बोटसुद्धा वाजवलं नाही. अशा माणसाची लेक शिकून-सवरून ढोलाच्या कारखान्यात गेली. त्यांचं मौन मला चुकीचं वाटत नव्हतं. नोकरी सोडणंही मला बरोबर वाटत नव्हतं. पण बाप शेजारी बसून बोलत नाही हे रोज भाताबरोबर गिळावं लागत होतं.

घुम्याभाऊंनी सगळं ऐकून हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे खरा घुम्या तर तुमच्या घरी हाय. माहं नाव चोरलं त्यानं. भेटा लागते."

ते आमच्याच समाजाचे, मुलचेऱ्याकडचे. रविवारी सायकलच्या क्यारेजला ते नापास खोड बांधून आमच्या अंगणाशी हजर झाले आणि कवाडातून हाक दिली, "हाय का कोनी घरी?"

बाबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. समोर होते, तरी उत्तर दिलं नाही. घुम्याभाऊंचं काही अडलं नाही. दोघांच्या वाटचं ते एकटेच बोलले. "बसा म्हन्ता? बसतो. कुठचे म्हन्ता? मुलचेऱ्याचा. पानी घ्या म्हन्ता? घेतो न." आईनं तोंडाला पदर लावून पाणी आणलं. जाताना त्यांनी खोड ओट्याखाली ठेवलं. "वयनी, कोंबडीले राहू द्या."

"कोंबडी यात बसन?"

"बसन. शिवणीचं हाय. थंडं राह्यते."

कोंबडी खरंच बसली. इतकी रुळली की टोपल्यातली जागा सोडून खोडातच अंडी घालू लागली. घुम्याभाऊ रविवारचे येत राहिले. आधी कवाडातून आमच्या घराला हाक, मग वाकून खोडात हाक. आतून कोंबडी ओरडायची. "पाहा भाऊ," ते बाबांना म्हणायचे, "तुमच्या घरी एकटी हेच बोलते." बाबा दोर वळत राहायचे. पण मी चुलीपाशी बसून पाहत असायची. खोडाकडे नजर गेली की त्यांचा हात थोडा मंदावायचा.

रोवणीपासून कापणीपर्यंत हे असं चाललं. धान घरी आल्यावर एका सकाळी, अंडी काढायची म्हणून बाबांनी कोंबडी हुसकायला खोडावर बोटांची टिचकी मारली. एकदा मारली. कोंबडी ओरडत पळाली. बाबा तिथेच वाकून उभे राहिले. मग दुसऱ्या तोंडापाशी मारली. कोंबडी तर केव्हाच गेली होती.

त्या रविवारी घुम्याभाऊ नेहमीसारखे एकटेच दोघांचं बोलत होते. पावसाचं झालं, शेठचं झालं, धानाचं सुरू होतं. मध्येच बाबा म्हणाले, "खोड वाकडं हाय."

घुम्याभाऊ धानाचं तिथेच सोडून खोडापाशी वाकले. "कोन्या अंगाले?"

"त्या तोंडाले. गाठ हाय तिथी."

"हाव. म्या स्वतः काढलं, मले नाई दिसली. तुमच्या पोट्टीनं धरली. आत हात घातला अन् म्हने, नापास. एवढं आयुष्य खरादीवर गेलं माहं, अन् मले नापास म्हन्ते. बापलेक एकाच लाकडाचे हा तुमी."

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे.

"तू धरली?"

"हो बाबा."

"मापानं का हातानं?"

"आधी हातानं. मग माप लावलं."

"आधी हातच लागते," ते म्हणाले. मग थोडं सरकून ओट्यावर जागा केली. "बैस."

मी बसले. आई चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. घुम्याभाऊ तेवढ्यात खोडात तोंड घालून कोंबडीला सांगत होते, "आता तुह्यी सुट्टी."

चहा पिताना त्यांनी बाबांजवळ विषय काढलाच. "भाऊ, ढोल त्याहीचा होता, त्याहीच्या दारी ठेवला, बेस केलं. पन हात तर वापस घेऊन आले न घरी?"

"हात आता चिखलाचे हायेत."

"चिखलाचं काय, धुतलं का निंघते," घुम्याभाऊ म्हणाले. बाबांनी बशी त्यांच्यापुढे सरकवली.

पुढची गोष्ट जयंतीची. घुम्याभाऊंनी आईची समजूत काढून खोड नेलं, चंद्रपूरच्या एका कारागिराकडून त्यावर पान चढवून घेतलं आणि मिरवणुकीच्या दिवशी स्वतःच्या गळ्यात ढोल अडकवून आमच्या मोहल्ल्यात आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, चेहऱ्यावर नवरदेवाचा थाट. विहारापासून मिरवणूक निघाली आणि त्यांनी पहिली टिपरी मारली.

तेव्हा सगळ्यांना कळलं की या माणसाला ताल नाही.

थोडाबहुत चुकत होता असं नाही. अजिबात नव्हता. जन्मभर ढोलाची खोडं करणाऱ्या माणसाला दोन टोले सारख्या अंतरानं मारता येत नव्हते. लेझीमवाली पोरं एक पाय उचलायची आणि पुढचा टोला केव्हा येतो याची वाट पाहत बगळ्यासारखी उभी राहायची. टोला यायचा तेव्हा दोन एकदम यायचे. म्हाताऱ्या बाया पोट धरून हसत होत्या. एकीनं विचारलं, "भाऊ, वाजवून राह्यले का लाकडं फोडून राह्यले?" "तुमी नाचा न माय," घुम्याभाऊ म्हणाले, "ताल मांगून येऊन राह्यला."

बाबा विहाराच्या ओट्यावर उभे होते. आधी त्यांनी तोंड फिरवलं. मग डोळे मिटले. मग मी पाहिलं की ते दात खात आहेत, हट्टी खोडासारखे. कोपऱ्यावर लेझीमचं एक पोरगं दुसऱ्याच्या पायात पाय अडकून पडलं आणि बाबा ओट्यावरून खाली उतरले. तरातरा गेले आणि घुम्याभाऊंच्या गळ्यातला पट्टा ओढला.

"आना इकडे. मानसं पडून राह्यली."

ढोल गळ्यात घेतला आणि आधी उलटा फिरवला. वाकडं तोंड त्यांनी डाव्या हाताकडे घेतलं. दोन-चार टोले अंदाजाचे. मग विहारासमोर, आमच्या लोकांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सुरुवात केली. त्या अंड्यासारख्या तोंडातून असा खोल आवाज निघाला की मी नापास केलेलं खोड ते हेच का, असं मला वाटून गेलं. नापास मी बरोबरच केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते कुरकुरलंच असतं. बाबांनी त्याची खोड ओळखली होती.

मी त्यांना वाजवताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आईनं पूर्वी पाहिलं होतं, पण दुसऱ्यांच्या दाराबाहेर. आता ती बायांच्या रांगेत सगळ्यांत पुढे नाचत होती. मी नाचले. घुम्याभाऊ तर बेभान नाचले, तालाशी काही संबंध न ठेवता. घामेजून माझ्यापाशी आले आणि कानात ओरडले, "जित्याची खोड मेल्याबगर जात नाई म्हन्तेत न? पाहा बीएबाई, मेल्या झाडाच्या खोडानं जित्याची खोड वापस आनली."

त्यांनी मुद्दाम वाईट वाजवलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. नाही. मी त्यांना पुढेही वाजवताना ऐकलं आहे.

त्यानंतर ढोल आमच्या आढ्याला हात पुरेल असा टांगलेला असायचा आणि कोंबडीला नवं टोपलं मिळालं. बाबा बोलके झाले नाहीत, पण माझ्याशी बोलायचे. कारखान्यात आज काय नापास केलं, हे रोज विचारायचे. एकदा पाटलाच्या नातवाच्या लग्नासाठी त्यांच्या घरची माणसं आली, अगदी मानानं, ओट्यावर बसून वाजवायला याल का विचारलं. बाबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "ढोल आयकाचा असन तर जयंतीले या आमच्या दारी. तुमाले आत बसवू." रविवारी घुम्याभाऊ कवाडातून हाक द्यायचे आणि बाबा तोंडानं उत्तर न देता आढ्याच्या ढोलावर दोन टोले मारायचे. "हाय. घरीच हाय," असं स्वतःशी म्हणत घुम्याभाऊ आत यायचे.

मग गडचिरोली नवा जिल्हा झाला आणि तिथल्या कचेरीत मला नोकरी लागली. त्याच सुमारास घुम्याभाऊंची नजर मशीनवर धरेना, आणि लेकीनं त्यांना जिवतीला बोलावून घेतलं. तिथेही ते डोंगरातल्या पोरांना बिजाच्या पेल्यातला चहा पाजतात, अशा खबरा येत. आता ते नाहीत, बाबाही नाहीत. ढोल आहे. आणि मी आजही बदलीच्या गावी नव्या रिकाम्या क्वार्टरात पाय ठेवताना आधी एक हाक देते. आवाज कसा येतो ते पाहूनच सामान उतरवते.

जिवतीला निघायच्या दिवशी घुम्याभाऊ निरोप घ्यायला आले होते. वार कुठला तरी मधलाच होता. आम्ही कुणी त्यांची वाट पाहत नव्हतो. ढोलाचं पान सैल झालं होतं म्हणून तो चंद्रपूरला दिलेला. कवाडातून हाक आली, "हाय का कोनी घरी?"

बाबांनी सवयीनं हात वर केला. आढ्याला नुसती दोरी लोंबत होती. बाहेरून पुन्हा हाक आली, या वेळी जरा हळू. बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले,

"हाव. घरीच हाय. या, घुम्याभाऊ."

घुम्याभाऊ सायकल धरून तसेच उभे राहिले. मग सायकल कवाडाला टेकवली, टोपी काढली, बाबांपाशी आले आणि वाकून त्यांच्या छातीला कान लावला. मशीनवरून उतरलेल्या खोडाला लावायचे तसाच. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले,

"पास."